दात दुधात ठेवावा, की शहाळ्यात?

पनवेलहून एका वाचक बाईंचा प्रश्न आला आहे. मुलाच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: खेळताना दात मुळासकट निघून पडला, तर तो शहाळ्याच्या पाण्यात घालून डॉक्टरकडे न्यावा, दुधापेक्षा ते सरस. हे खरं का? आणि पडलेला दात खरंच परत बसतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी. बसतो. दात दुधाचा नसून कायमचा असेल, मूळ शाबूत असेल आणि फार वेळ गेला नसेल, तर तो पुन्हा धरतो आणि वर्षानुवर्षं काम देतो. पहिल्या प्रश्नासाठी मात्र आपल्याला कोपनहेगन, चेन्नई, ब्राझील आणि एका कोंबड्याच्या तुऱ्यापर्यंत जाऊन यावं लागेल.

दात जबड्याच्या हाडाला चिकटलेला नसतो. बाजेच्या चौकटीत सुंभ ताणावा तसा तो खोबणीत असंख्य तंतूंनी ताणून धरलेला असतो. तंतूंचा हा थर जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. दात निखळतो तेव्हा हे तंतू मध्येच तुटतात. निम्मे खोबणीच्या भिंतीला राहतात, निम्मे मुळाला. मुळावर राहिलेल्या त्या ओलसर सालीतल्या पेशी दात रस्त्यावर पडला तरी जिवंत असतात. वाचवायचं असतं ते त्यांना. दाताचा पांढराशुभ्र कठीण भाग टिश्यू पेपरात गुंडाळून आठवडाभर ठेवला तरी त्याचं काही बिघडत नाही. मुळावरची साल मात्र कोरड्यात लवकरच मरून जाते, आणि नेमकी तीच आपण मारतो. आधी नळाखाली दात घासून लख्ख करतो, मग कोरड्या रुमालात बांधतो.

साल मेलेला दात परत बसवला तर? सुरुवातीला तो घट्ट बसल्यासारखा वाटतो, जरा जास्तच घट्ट. आपल्या शरीरात जुनं हाड खाऊन टाकणाऱ्या आणि नवं हाड भरणाऱ्या पेशींचं काम अखंड चालू असतं. एरवी ही जिवंत साल त्यांना मुळापासून दूर ठेवते. ती गेली की मूळ आणि हाड हा फरक त्या पेशींना कळत नाही. मूळ हळूहळू खाल्लं जातं आणि त्या जागी हाड भरत जातं. काही वर्षांनी वर दात दिसतो, खाली मूळ उरलेलं नसतं.

हे सगळं रुग्णांवरून मोजून दाखवणारा माणूस म्हणजे डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचे येन्स ओव्ह आंद्रेआसेन. दंतवैद्यकाबाहेर हे नाव कुणाला माहीत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. १९६६ मध्ये त्यांनी सहकारी यॉर्टिंग-हान्सेन यांच्यासह अपघातात निखळून परत बसवलेल्या ११० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दातांपैकी ९० टक्क्यांमध्ये मूळ झिजल्याची खूण दिसली नाही. दोन तासांहून जास्त उशीर झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांमध्ये ती दिसली. हा प्रयोग ठरवून करता येणारा नव्हे, कारण अभ्यासासाठी कुणाचे दात पाडता येत नाहीत. अपघात होऊन येणाऱ्या एकेका पोराची नोंद ठेवायची, त्याला वर्षानुवर्षं परत बोलवायचं, एक्स-रे काढायचा. आंद्रेआसेन हे चिकाटीने करत राहिले. १९९५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशाच ४०० दातांचा हिशेब मांडला. २०२० मध्ये ते वारले.

दात परत बसवण्याची कल्पना अर्थात त्यांच्याही आधीची, आणि फार जुनी. अठराव्या शतकात लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी माणसाचा दात उपटून चक्क कोंबड्याच्या तुऱ्यात रोवला होता. तो धरला, त्यात रक्तवाहिन्या शिरल्या, असा त्यांचा दावा होता. दात जिवंत असतो आणि परक्या जागीही रुजू शकतो, हे त्यांना दाखवायचं होतं. निष्कर्षाचं समर्थन आज कुणी करणार नाही, पण मेजावर तो तुरा ठेवून सहकाऱ्यांना बोलावणाऱ्या हंटरसाहेबांचा चेहरा कसा असेल, याची कल्पना करायला मला आवडतं. पुढे लंडनमध्ये गरिबांचे दात उपटून श्रीमंतांच्या तोंडात बसवण्याची फॅशनच निघाली. १७८७ मध्ये रोलंडसन नावाच्या व्यंगचित्रकाराने त्यावर जळजळीत चित्र काढलं.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत, मोडलेल्या हाडांच्या उपचारांचा जो भाग आहे, त्यात मार लागून हललेल्या दातांचा उल्लेख येतो. माणूस तरुण असेल तर रक्ताळलेले, पण न तुटलेले दात दाबून जागेवर बसवावेत, बाहेरून थंड लेप द्यावा आणि कमळाच्या देठाने दूध पाजावं. म्हातारा असेल तर नाद सोडावा. सल्ला शहाणपणाचा आहे. फक्त त्यातलं दूध रुग्णाने पिण्यासाठी आहे, कारण त्याला चावता येत नाही. ‘दात दुधात ठेवायचं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं’ असा मेसेज निघण्याआधीच हे सांगून ठेवतो.

दुधात दात ठेवण्याची कल्पना प्रयोगशाळेत पारखली गेली ती १९८०च्या सुमारास, स्वीडनमध्ये. लाइफ ब्लोमलॉफ यांनी दूध आणि लाळ यांची तुलना केली आणि दूध चांगलंच उजवं ठरलं. कारण मोठं मजेशीर आहे. गाईच्या कासेत दूध तयार होतं तेव्हा त्यातल्या क्षारांचं आणि साखरेचं एकूण प्रमाण रक्ताशी तोल साधून असतं. हा तोल इतका पक्का, की दुधाचा गोठणबिंदू शून्याखाली सुमारे ०.५२ अंशांवर ठरलेला असतो. तो शून्याकडे सरकलेला दिसला की डेअरीवाले ओळखतात, दुधात पाणी घातलंय. रक्ताशी तोल राखणाऱ्या या द्रवात मुळावरच्या पेशी ना फुगतात, ना आक्रसतात. नळाच्या पाण्यात मात्र पाणी आत शिरून त्या फुगतात आणि फुटतात. म्हणजे भेसळीचं पातळ दूध चहाला जेवढं वाईट, तेवढंच दातालाही.

आता शहाळं. २००८ मध्ये चेन्नईच्या गोपीकृष्ण आणि सहकाऱ्यांनी काढलेले ताजे दात नारळपाणी, मधमाश्यांचा प्रोपोलिस, प्रयोगशाळेतला हँक्सचा द्राव आणि दूध यांत ठेवून पाहिले. मग मुळावरच्या पेशी सोडवून त्यांना एक निळा रंग दिला. मेलेल्या पेशी तो रंग पितात, जिवंत पेशी पीत नाहीत. मोजल्यावर सर्वाधिक जिवंत पेशी नारळपाण्यात निघाल्या. आपला मेसेज जन्मला तो इथून. काम प्रामाणिक होतं, पण पुढच्याच वर्षी ब्राझीलमधल्या संशोधकांना नुसतं नारळपाणी दुधाच्या मागे पडलेलं दिसलं. सोडा घालून त्याची आम्लता कमी केल्यावर ते सुधारलं. नारळपाणी आंबट असतं हे जिभेला कळत नाही, पेशींना कळतं. त्या सुमारास अंड्याचा पांढरा बलक, ग्रीन टी, कोरफड असं फडताळातलं बरंच काही या परीक्षेला बसवलं गेलं. यातला एकही दात पुढे कुणा माणसाच्या तोंडात बसवून पाहिलेला नव्हता. आंद्रेआसेन आणि फॉरवर्ड होणारा मेसेज यांच्यातला फरक तो एवढाच, पण मला तो फार मोठा वाटतो.

दंत-आघातांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०२० ची तत्त्वं दुधाला पहिली पसंती देतात, त्यानंतर हँक्सचा द्राव, लाळ आणि सलाइन. साधं पाणी वाईट, तरी कोरडं ठेवण्यापेक्षा बरं. नारळपाणी त्या यादीत नाही. कर्नाळ्याच्या पायथ्याशी फक्त शहाळेवालाच दिसत असेल तर दात कोरडा नेऊ नका, शहाळं घ्या. पण शेजारी किराणा दुकान असेल तर दुधाची थंड पिशवी घ्या. टपरीवरचं उकळतं, साखर घातलेलं दूध नको.

अर्थात दूध हा दुसरा पर्याय. दात ठेवायची सर्वांत चांगली जागा त्याची स्वतःचीच खोबण. मूल शुद्धीवर असेल, तर दात पांढऱ्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका. मळला असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये हलकेच विसळा, घासू नका. पुढची बाजू पुढे येईल असा जागेवर दाबून बसवा आणि मुलाला घडी केलेला रुमाल चावून धरायला सांगा. हात थरथरतात, जमत नाही असं वाटतं. नाहीच जमलं तर मग दूध. दुधाचा दात मात्र कधीही परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताच्या कोंबाला इजा होते.

पुढचा प्रश्न रस्त्याचा. पनवेलकरांचं नशीब बरं, महापालिकेच्या हद्दीतच कामोठ्याला एमजीएमचं आणि खारघरला वायएमटीचं दंत महाविद्यालय आहे. दिवसा तिथे किंवा जवळच्या डेंटिस्टकडे, आणि निघण्याआधी फोन करून. रात्रीसाठी घराजवळच्या दोन-तीन डेंटिस्टचे नंबर आजच मोबाइलमध्ये असलेले बरे. दोधाणी-मालडुंग्याकडून येणाऱ्याचा अर्धा तास वाटेतच जातो. त्याच्यासाठी दात तिथल्या तिथे बसवणं हाच खरा इलाज. डॉक्टर पुढे लवचीक तारेने तो साधारण दोन आठवडे शेजारच्या दातांना बांधतात, मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर त्याच सुमारास रूट कॅनाल सुरू करतात आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करतात.

दातांच्या दुसऱ्या एका दुखण्यात मात्र डेंटिस्टची खुर्ची शोधत बसू नये. किडलेल्या दाढेची सूज जिभेखाली, हनुवटीखाली उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास जड झाला, तर १०८ ला फोन आणि थेट मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग. १८३६ मध्ये जर्मन डॉक्टर लुडविग यांनी वर्णन केलेला हा आजार तासातासाने वाढतो. अशा वेळी लवंगेचं तेल आणि घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या यांत वेळ घालवू नये.

बाईंनी शेवटी विचारलंय, रुमालात बांधून दोन तास झालेला दात फेकून द्यावा का? नाही, तोही घेऊन जा. तो धरणार नाही, मूळ झिजत जाईल, वाढत्या जबड्यात तो शेजाऱ्यांच्या तुलनेत खाली राहिल्यासारखा दिसेल. तरी डॉक्टर बहुधा तो बसवतात. मुलाची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट बसवता येत नाही, आणि तोवर दहा-बारा वर्षांच्या पोराच्या तोंडातली फट भरलेली राहते, तिथल्या हाडाची रुंदीही टिकते.