एकाच कादंबरीचे दोन वाचक

गेल्या वर्षी आमच्या वाचकमंडळात मिखाईल बुल्गाकोव्हच्या 'द मास्टर अँड मार्गारिटा' या कादंबरीवर जो वाद झाला, तो अद्याप मिटलेला नाही. मिटावा अशी माझी इच्छाही नाही.

कादंबरी कशाची? तर मॉस्को शहरात सैतान येतो त्याची. 'मुक्तामाले'सारख्या आपल्या जुन्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत अद्भुत घडते ते राजेरजवाड्यांच्या जगात. येथे ते ट्रामच्या रुळांवर घडते. कुणाच्या तरी हातून सूर्यफुलाचे तेल सांडते, त्यावरून एका मासिकाचा संपादक घसरतो आणि ट्रामखाली त्याचे शिर धडावेगळे होते. माणसाएवढा बोका नेम धरून पिस्तूल झाडतो. सैतान ज्या घरात मुक्काम करतो त्याचा क्रमांक पन्नास. सादोवाया रस्त्यावर पन्नास क्रमांकाच्याच खोल्यांत बुल्गाकोव्ह स्वतः राहिला होता. हल्ली 'अर्बन फँटसी' म्हणतात त्या प्रकाराची खूण मला हीच वाटते : चमत्कार खोटा, पण पत्ता खरा.

वादाला तोंड फुटले ते माझ्या मैत्रिणीमुळे. "उपहास बोथट आहे," ती म्हणाली. "घरांच्या समितीचा तो लाचखाऊ अध्यक्ष पकडला जातो आणि पुढे त्याचे काही होतच नाही!" मी चिडून म्हटले, "अगं, त्याचे ते स्वप्न? नाट्यगृहात लोकांना बसवून लपवलेले परकीय चलन काढून घेतात ते?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. असले स्वप्न तिने वाचलेच नव्हते! पुस्तक नीट वाचत नाहीस, असे मी चारचौघांत बोलून गेले. दोन दिवस आमचा अबोला होता.

तिसऱ्या दिवशी दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. तिची ग्रंथालयातली, मिरा गिन्सबर्गच्या भाषांतराची. माझी वडिलांच्या कपाटातली, मायकेल ग्लेनीच्या. दोन्ही भाषांतरे 1967 ची. पण कादंबरी प्रथम 'मॉस्क्वा' मासिकात 1966-67 साली आली ती कात्री लावून, आणि गिन्सबर्गबाईंनी भाषांतर केले ते त्या संहितेचे. ग्लेनीला संपूर्ण संहिता मिळाली होती. ते स्वप्न कात्रीत गेले होते. मैत्रिणीने सगळे नीट वाचले होते. तिला दिलेच गेले नव्हते. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू दे, पुस्तक दे."

आता वाद मिटेल असे मला वाटले होते. कसचे काय! संपूर्ण प्रत वाचून आल्यावर तिचा आक्षेप उलट धारदार झाला. सैतान शिक्षा कुणाला करतो? उपाहारगृहाचा व्यवस्थापक, लाचखाऊ अध्यक्ष, फुकटच्या कपड्यांवर तुटून पडलेल्या बायका. ज्यांच्या भीतीने माणसे रातोरात नाहीशी होत होती, त्यांना मात्र हातही लागत नाही. ही कसली निर्भयता?

यावर माझे उत्तर लेखकाच्या चरित्रातून येते, आणि ते तिला पुरेसे वाटत नाही. बुल्गाकोव्हने 1928 च्या सुमारास लेखन सुरू केले, 1930 साली हस्तलिखित जाळले आणि पुन्हा लिहावयास घेतले. त्याच वर्षी त्याने सरकारला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी, नाहीतर काम मागितले. त्यावर खुद्द स्टालिनने फोन केला. काम मिळाले, परवानगी नाही. मार्च 1940 मध्ये तो वारला तेव्हा दृष्टी गेलेली होती. अखेरच्या आजारातही तो पत्नीला दुरुस्त्या सांगत होता. छापले जाईल याची आशा नसताना लिहिलेल्या पुस्तकाला भित्रे कसे म्हणावे? मैत्रीण म्हणते, लेखक शूर असेल. मी पुस्तकाविषयी बोलते आहे. हा मुद्दा तिचा आहे, हे मी येथे कबूल करते.

आमच्या सरांना मॉस्कोचा भाग गोंगाटाचा वाटतो. त्यांच्या मते खरी कादंबरी पिलाताची : डोकेदुखीने हैराण झालेला, समोरचा माणूस निरपराध आहे हे कळूनही भीतीपोटी त्याला मरणाकडे धाडणारा तो अधिकारी. मला ती प्रकरणे प्रथम कंटाळवाणी वाटली होती. दुसऱ्या वाचनात ध्यानात आले, की मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर असलेच तर तेथे आहे. मोठ्या सत्ताधाऱ्याला बुल्गाकोव्हने मॉस्कोत हात लावला नाही. त्याला त्याने यर्शलाइममध्ये, रात्रभर झोप न येणाऱ्या माणसाच्या रूपात बसवले.

हे मैत्रिणीला सांगितले. तिने ग्लेनीची प्रत पुन्हा मागून नेली आहे. अजून परत केलेली नाही.