अंशाचा शंभरावा भाग

वसईजवळच्या भुईगावात ओहोटी लागली की समुद्र दूर मागे सरतो आणि सुरूच्या बनापुढे ओल्या वाळूचा, चिखलाचा लांबरुंद पट्टा उघडा पडतो. हिवाळ्यात या पट्ट्यावर चिखल्या आणि तुतारी यांची अखंड धावपळ चालू असते. पाण्याच्या कडेला कुरव बसलेले असतात आणि वर सुरय घिरट्या घालत असतात. यांतला छोटा चिखल्या वितीपेक्षाही लहान, सोळा सेंटिमीटरच्या आसपास भरतो. तो माणसाला जवळ येऊ देत नाही, म्हणून लांब टेलिफोटो लेन्स लागते. लेन्स जड, म्हणून ट्रायपॉड लागतो. आणि ट्रायपॉड व लेन्स यांच्यामध्ये जो सांधा बसतो, त्याला हेड म्हणतात. बहुतेक लोक आधी कॅमेरा, मग लेन्स, मग ट्रायपॉड पाहतात आणि उरलेल्या पैशांत हेड घेतात. मला मात्र या सगळ्या सामानात सर्वांत थक्क करणारी वस्तू हेडच वाटते.

ते का, हे समजायला थोडा हिशेब करावा लागतो. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. त्यापुढे ६०० मिलिमीटरची लेन्स लावली की समोरच्या जगातला फक्त साडेतीन अंशांचा तुकडा चौकटीत मावतो. पन्नास मीटरवर ही चौकट तीन मीटर रुंद असते आणि आपला चिखल्या तिच्या एकोणिसाव्या भागाएवढा दिसतो. आता २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर आडवे सहा हजार पिक्सेल धरा. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला पन्नास मीटरवरचा अर्धा मिलिमीटर येतो. या अर्ध्या मिलिमीटरमुळेच पिसांची रेघ न् रेघ दिसते. पण फोटो निघत असताना लेन्स अंशाच्या शंभराव्या भागाएवढी जरी वळली, तरी चित्र सतरा पिक्सेल घसरते आणि पिसांची राखाडी खळ होते.

हाच हिशेब आकाशाला लावून पाहा. संध्याकाळी भुईगावच्या समुद्रावर शुक्र दिसत असताना तीच लेन्स त्याच्याकडे वळवा आणि हेड घट्ट आवळा. वारा नाही, कुणाचा हातही लागलेला नाही. तरी शुक्र चौकटीत दर सेकंदाला सुमारे सात पिक्सेल सरकतो, कारण वाळूत रोवलेल्या ट्रायपॉडसकट सगळी पृथ्वी फिरते आहे. पृथ्वीचे फिरणे एका सेकंदात दाखवणारे हे साधन आपण एका सांध्यावर तोलून धरायला निघालो आहोत.

नेहमी दिसणारा सांधा म्हणजे बॉल हेड. एक गोल चेंडू, त्याला आवळणारा खोबणीचा कप आणि एक स्क्रू. लहान लेन्ससाठी याच्याइतके सुटसुटीत काही नाही. लांब लेन्स चढवली की मात्र गोष्ट बदलते, कारण सगळे वजन चेंडूच्या वर राहते. समजा कॅमेरा आणि लेन्स मिळून पाच किलो आहेत आणि त्यांचा गुरुत्वमध्य चेंडूच्या केंद्राच्या पंधरा सेंटिमीटर वर आहे. लेन्स तीस अंश कलली की तिला आणखी खाली पाडू पाहणारा पीळ ३.७ न्यूटन-मीटर होतो. तीस सेंटिमीटर लांबीच्या काठीच्या टोकाला सव्वा किलो टांगले तर सांध्यावर एवढाच पीळ येईल. शिवाय लेन्स जितकी कलते तितका हा पीळ वाढतो, आणि वाढलेला पीळ तिला आणखी कलवतो. स्क्रू सैल करून सुरयाचा माग काढायला जावे, तर लेन्स नाकावर तरी आपटते किंवा बाजूला तरी लोळते. स्क्रू आवळला तर ती थांबते, पण हात काढताच केसभर खाली बसते. लहान लेन्सवर हे बसणे दिसत नाही. सहाशेवर पक्ष्याचा डोळा नेमला असेल तर फोकस त्याच्या छातीवर येतो. मोठ्या व्यासाचा चेंडू जास्त घर्षण देतो, म्हणून महाग बॉल हेड बरे धरतात. पण मुळात ते गुरुत्वाकर्षणाशी झुंजत असतात.

गिंबल हेड ही झुंजच संपवते. त्याला दोन अक्ष असतात, एक उभा आणि एक आडवा. आडवा अक्ष लेन्सच्या बाजूने, बरोबर तिच्या गुरुत्वमध्यातून जाईल अशी ती पाळण्यात बसवतात. गुरुत्वमध्य आणि अक्ष यांतले अंतर शून्य झाले की पीळही शून्य होतो, आणि तो एकाच कोनात नव्हे, प्रत्येक कोनात शून्य राहतो. पाच किलोंचे सामान एका बोटाने आकाशाकडे वळवावे, बोट काढावे आणि ते तिथेच थांबावे! सगळे स्क्रू सैल असताना. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला काहीतरी अडकले असावे असे वाटते. तिसरा, म्हणजे चौकट आडवी-उभी करायचा अक्ष लेन्सच्या कॉलरमध्ये आधीच असतो, म्हणून गिंबलला त्याची गरज पडत नाही.

ही कल्पना छायाचित्रणाहून फार जुनी आहे. चीनमध्ये इसवी सन १८० च्या सुमारास डिंग हुआन या कारागिराने एकात एक फिरणाऱ्या कड्यांची धूपदाणी केली. ती अंथरुणात कशीही लवंडली तरी आतला निखारा सांडत नसे. सोळाव्या शतकात जहाजांवरची होकायंत्रे अशाच कड्यांत टांगत. वसई १५३४ साली पोर्तुगिजांच्या हाती गेली. त्यानंतर चारच वर्षांनी, १५३८ मध्ये, जुआंव द कास्त्रो हा दर्यावर्दी याच किनाऱ्याजवळ होकायंत्राच्या सुईचे दिक्पात, म्हणजे ती खऱ्या उत्तरेपासून किती वळते ते, मोजत होता. वसईच्या आसपास सुई वेगवेगळ्या जागी वेगवेगळी वळते हे त्याच्या लक्षात आले, आणि त्याचे कारण त्याने समुद्रतळाशी असलेल्या खडकांत शोधले. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये लोहाचे चुंबकी खनिज असते हे आज माहीत आहे. त्याने मात्र तो अंदाज सुईच्या वागण्यावरून बांधला.

त्या होकायंत्रात आणि आपल्या हेडमध्ये एक सुरेख फरक आहे. होकायंत्राचे वजन अक्षाच्या खाली ठेवतात, त्यामुळे ते डुलून पुन्हा सपाट होते. लेन्सचे वजन बरोबर अक्षावर ठेवतात, त्यामुळे ती जिथे ठेवाल तिथे राहते. यातूनच तोल साधायची रीत निघते. हुड, टेलिकन्व्हर्टर, बॅटरी असे सगळे चढवून घ्या आणि लेन्स आडवी धरून सोडा. नाक खाली गेले तर लेन्सखालची प्लेट मागे सरकवा, कॅमेरा खाली गेला तर पुढे. मग लेन्स वर रोखून सोडा. ती आणखी कलंडत गेली तर वजन अक्षाच्या वर आहे, पाळणा खाली घ्या. ती स्वतःहून आडवी होऊ लागली तर वजन अक्षाच्या खाली आहे, पाळणा वर घ्या. दोन-तीन फेऱ्यांत जमते. झूम करताना जिची नळी लांबते अशा लेन्सचा तोल मात्र झूमबरोबर सरकतो, म्हणून ज्या लांबीवर जास्त काम करता तिथे तो साधावा.

तोल साधला की लेन्सचे जडपण उपयोगी पडते. माणसाचा हात सेकंदाला आठ ते बारा वेळा सूक्ष्म थरथरत असतो. लांब, जड वस्तू इतक्या झटपट हलायला तयार नसते, पण सावकाश वळायला तिची हरकत नसते. त्यामुळे थरथर तिथेच जिरते आणि उडत्या सुरयाबरोबरचे लांब, संथ वळण तेवढे उरते. डावा तळवा लेन्सवर ठेवून, डोळा कॅमेऱ्याला टेकवून काम करणारे जाणकार आपल्या शरीरानेच कंप शोषून घेत असतात.

व्हिडिओ काढणाऱ्यांसाठी तिसरी जात आहे, फ्लुइड हेडची. कोरड्या घर्षणाचा दोष असा की थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो आणि हलल्यावर कमी, म्हणून सुरुवात झटक्याने होते. फ्लुइड हेडमध्ये दोन पृष्ठभागांमध्ये घट्ट, चिकट वंगण असते. मधात चमचा फिरवताना जसे लागते तसेच हे आहे. हळू फिरवा, विरोध जवळजवळ नाही; जोरात फिरवा, विरोध वाढतो. पक्षी चालतो आहे आणि चौकट त्याच्या मागून तरंगत जाते आहे, असे दृश्य यावरच निघते. वर राहिलेल्या वजनाची ओढ आतली स्प्रिंग तोलते. झेप घेणाऱ्या पक्ष्यामागे मात्र गिंबलच धावते.

भुईगावला हेड आणि ट्रायपॉडच्या निवडीला आणखी एक बाजू आहे. चिखल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यायचे तर जमिनीशी जावे लागते, म्हणून ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवता आले पाहिजेत, आणि मधला दांडा नसलेलाच बरा. ओल्या वाळूत पाय हळूहळू रुततात, उभा अक्ष कलतो, आणि लेन्स वळवताना मागची क्षितिजरेषा तिरकी होते. म्हणून हेडखाली समतल करणारा तळ असावा. पायांचा सर्वांत खालचा भाग थोडा बाहेर काढून ठेवा, म्हणजे पाय आवळायच्या कळा खाऱ्या पाण्याच्या वर राहतात. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा आणि हेड ओल्या फडक्याने पुसा. बेअरिंगमध्ये शिरलेला वाळूचा एक कण पुरता त्रास देतो.

हल्ली लेन्स हलक्या झाल्या आहेत. कॅननची ६०० मिलिमीटर एफ/४ लेन्स १९९९ मध्ये ५३६० ग्रॅमची होती, २०१८ मध्ये ती ३०५० ग्रॅमवर आली. मग एवढा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. तर वाट पाहण्यासाठी. तीन किलो डोळ्याशी धरून कुणी तासभर थांबू शकत नाही, आणि चिखल्या जवळ येतो तो थांबणाऱ्याच्याच.

माझा कौल असा. दोन किलोंपर्यंतची लेन्स आणि भरपूर चालणे असेल, तर चांगले मोठे बॉल हेड आणि त्यावर बसणारे, फक्त आडव्या अक्षाचे अर्धे गिंबल पुरे. त्याहून जड लेन्सला पूर्ण गिंबल हेड घ्या. व्हिडिओ जास्त असेल तर फ्लुइड हेड. जाहिरातीतल्या किलोंच्या आकड्यावर विसंबू नका. गुरुत्वमध्य किती उंच आणि कोन किती धरून तो मोजला, हे बहुधा लिहिलेले नसते. स्वतःची लेन्स घेऊन दुकानात जा, स्क्रू सैल करा आणि हात सोडून पाहा. आणि किनाऱ्यावर गेलात की भरतीच्या वेळी कोरड्या वाळूवर थव्याने विसावलेल्या पक्ष्यांकडे चालत जाऊ नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या त्या पाखरांना पुढच्या ओहोटीपर्यंत तेवढीच विश्रांती मिळते.