खिंड अडवता येणारा नकाशा : ‘टोटल वॉर’

काय आहे : इंग्लंडमधल्या हॉर्शमच्या ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’ची व्हिडिओ गेम मालिका. राज्यकारभार आणि फौजांच्या हालचाली आळीपाळीने, लढाई मात्र सलग.

२००० – ‘शोगन’ : नकाशा सपाट, सोंगट्या एका प्रांतातून दुसऱ्यात सरकवायच्या. रणांगण त्रिमितीय, पण सैनिक म्हणजे सपाट चित्रे.

२००४ – ‘रोम’ : सैनिक आणि नकाशा, दोन्ही त्रिमितीत. फौज एका पाळीत ठरावीक अंतरच कापते आणि गाठ पडेल त्याच जागेच्या चढउतारांवर लढाई होते. त्यामुळे छोट्या फौजेने खिंड अडवून मोठ्या सैन्याला रोखण्याला खरा अर्थ आला. सह्याद्रीतल्या युद्धाचे मर्म हेच.

२००९ – ‘एम्पायर’ : युरोप, अमेरिका आणि भारत अशी तीन युद्धक्षेत्रे, समुद्रावरच्या लढायाही त्रिमितीत. मराठ्यांच्या बाजूने पूर्ण मोहीम खेळता येते.

तेव्हा प्रत्यक्षात : ही मोहीम १७०० मध्ये सुरू होते. त्याच वर्षी मार्चमध्ये छत्रपती राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले आणि महाराणी ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. पुढे गायकवाडांनी गुजरातेत जम बसवला. १७३४ मध्ये बडोदे त्यांच्याकडे कायमचे आले.

बाजव्यातल्या खेळाडूंसाठी : बडोद्याला लागून असलेल्या बाजव्यात राहणाऱ्या मराठी मुलांनी ही मोहीम जरूर खेळावी, सोबत गायकवाडांचा इतिहासही वाचावा. सातारा ते बडोदे हे अंतर फौजेला केवढे होते, हे तेव्हा नीट कळते.