हत्तींचा हिवाळी मेळा



थंडीच्या दिवसांत शहाण्या माणसाने काय करावे, असे कोणी विचारले तर दारे-खिडक्या लावून घ्याव्या आणि शेगडीजवळ वाफाळलेला चहा घेत बसावे, असेच आपण सांगू. परंतु जर्मनीत असे काही लोक आहेत की, ते नेमके कडाक्याच्या थंडीत घर सोडतात, जुन्या फटफट्या बाहेर काढतात, शेकडो मैल बर्फाळ रस्ता तुडवितात आणि मुक्कामाला पोचल्यावर बर्फातच तंबू ठोकून राहतात. या जमावाला ते ‘हत्तींचा मेळा’ म्हणतात. त्यात हत्ती मात्र एकही नसतो!

नावाची हकीकत अशी. नुरेंबर्ग येथील त्सुंडाप कारखान्याने १९५० नंतरच्या काळात के. एस. ६०१ नावाची एक भारदस्त मोटारसायकल काढली. तिचे एंजिन ५९७ घनसेंटिमीटरचे. दोन सिलिंडर समोरासमोर आडवे, दोन्ही बाजूंस बाहेर आलेले. हिरवा रंग, अवजड बांधा आणि ओढण्याची ताकद पाहून लोक तिला ‘हिरवा हत्ती’ म्हणू लागले. एर्न्स्ट लेव्हरकूस या मोटारसायकल-लेखकाने हे हत्ती बाळगणाऱ्यांना १९५६ च्या जानेवारीत हाक दिली. स्टुटगार्टजवळ सॉलिट्यूड शर्यतमार्गाच्या परिसरात जेमतेम वीसेक स्वार जमले. पुढे १९६१ पासून मेळा न्युरबुर्गरिंग येथे भरू लागला व वीसांचे हजारो झाले. १९७७ नंतर ती जागा सुटली. १९८९ पासून बव्हेरियाच्या अरण्यभागात, थुर्मान्सबांग गावाजवळच्या एका खोलगट दरीत तो भरत आला आहे. आता तेथे सर्व जातींच्या मोटारसायकली येतात. तथापि जुन्या यंत्राचा मान मोठा.

आता खरा प्रश्न असा की, हे साहस म्हणावे की अविचार? याचे उत्तर थंडी माणसावर आणि यंत्रावर काय करते, हे समजून घेतल्यावाचून देता येणार नाही.

प्रथम माणूस पाहू. आपल्या अंगाभोवती उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर सारखा उडवून नेतो, म्हणून स्थिर हवेपेक्षा वाऱ्यात थंडी अधिक बोचते. मोटारसायकलस्वार तर आपला वारा आपणच निर्माण करतो. हवेचे तापमान उणे १० अंश असताना तो ताशी ८० किलोमीटर वेगाने निघाला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २४ अंशांसारखी भासते. अशा वेळी शरीर एखाद्या काटकसरी गृहस्थाप्रमाणे वागते. हृदय व मेंदू यांना ऊब पुरावी म्हणून ते हातापायांकडील रक्त आखडते घेते. प्रथम बोटे दुखतात, मग बधिर होतात. दुखणे थांबले म्हणजे पुष्कळांना बरे वाटते. वास्तविक तेथेच धोका सुरू होतो. कारण ब्रेक आणि क्लच यांचा कारभार त्याच बोटांकडे असतो. याहूनही वाईट म्हणजे शरीराचा गाभा थंडावू लागला की विचारशक्ती मंदावते. ‘आणखी दहाच मैल’ असे जो स्वार स्वतःस बजावीत असतो, त्याला आपण थांबावयास हवे होते हे कळतच नाही.

म्हणून अनुभवी मंडळींचे नियम साधे असतात. कपडे घट्ट नकोत. एकावर एक सैल थर हवेत, कारण ऊब कापडात नसते, त्यात अडकलेल्या हवेत असते. छातीशी वर्तमानपत्राच्या घड्या ठेवण्याची जुनी युक्ती याच तत्त्वावर चालते. कागद वारा अडवितो व हवा धरून ठेवतो. बूट इतके आवळू नयेत की पायाकडे रक्तच उतरणार नाही. आणि मुक्कामी पोचेपर्यंत मद्यास शिवू नये. मद्याने कातडीतील रक्तवाहिन्या फुलतात, ऊब आल्याचा भास होतो आणि शरीरातील खरी उष्णता मात्र बाहेर पडते.

यंत्राची कथा निराळी. वाऱ्याने ते लवकर थंड होते, पण हवेहून अधिक थंड कधीच होत नाही. त्याचे दुखणे आहे तेलाचे. जुन्या काळचे तेल थंडीत काकवीसारखे घट्ट होते आणि किक मारताना पायाला सारे एंजिन चिकटून बसल्यासारखे वाटते. म्हणून जाणता मनुष्य क्लच दाबून प्रथम दोन-चार वेळा नुसतीच किक फिरवितो, म्हणजे चिकटलेल्या चकत्या सुटतात. बॅटरी पूर्ण भारलेली ठेवतो; कारण उतरलेल्या बॅटरीतील पाणीदार आम्ल गोठून तिचे कवच फुटू शकते. कार्ब्युरेटरची मौज तर अशी की, तो कडाक्याच्या कोरड्या थंडीपेक्षा शून्याच्या जरा वरच्या ओलसर हवेत अधिक छळतो. पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते, हवेतील बाष्प आतल्या आत गोठते आणि धावते एंजिन श्वास कोंडल्यासारखे बंद पडते. पाच-दहा मिनिटे स्वस्थ उभे राहिले की एंजिनच्याच उष्णतेने बर्फ वितळतो. नवखा मनुष्य तेवढ्या वेळात अर्धे यंत्र उकलून रस्त्यावर मांडतो!

बर्फावर दोन चाकांचा भरवसा नाही. त्यामुळे पुष्कळजण साइडकार जोडतात. तिसरे चाक गाडी उलथू देत नाही, आणि तंबू, घोंगड्या व जळाऊ लाकूड यांची सोय होते.

असे करीत संध्याकाळी त्या दरीत उतरावे, तो जागोजाग शेकोट्या पेटलेल्या. तंबूखाली पेंढा अंथरलेला. कोणाची किक लागत नसेल तर न बोलावता चार हात पुढे येतात. मेळ्यात मशालींची एक मिरवणूक निघते आणि रस्त्यावर प्राण गमावलेल्या स्वारांचे स्मरण केले जाते. गंमत म्हणून निघालेल्या माणसांनी मृत्यूस असे आपल्या पंगतीत बसविलेले पाहून मन गंभीर होते.

मला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर या मशालींच्या उजेडातच सापडते. ज्याला थंडीचे भय नाही तो अविचारी. ज्याला ते भय कळते आणि जो वेळीच थांबतो, तो साहसी. त्या दरीत पोचलेल्यांचे कौतुक खरेच. परंतु बोटे बधिर झालेली ओळखून जो वाटेतल्या खाणावळीत उतरला, चुलीजवळ तास-दोन तास बसला आणि प्रसंगी तेथूनच माघारी फिरला, त्याचेही कौतुक कमी नसावे.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. पौषातील एखाद्या पहाटे निफाडच्या बाजूस ८ अंश थंडी पडलेली असते. आपल्या घरचा मुलगा ताशी ६० किलोमीटर वेगाने फटफटीवर निघाला, तर त्याच्या उघड्या बोटांना ती २ अंशांसारखी लागेल. तो निघताना हातमोजे पुढे करा, आणि एवढेच सांगा : बोटे दुखायची थांबली, की बाबा, तू थांब.