उसाच्या गावात तरवडाची जागा

माळशिरस तालुक्यातलं श्रीपूर हे साखरेचं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना इथंच उभा राहिला. सोलापूर जिल्ह्यात पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. तरी कालव्याच्या पाण्यानं हा पट्टा ऐन उन्हाळ्यातही हिरवागार दिसतो.

मधमाशीला या हिरवाईचा उपयोग जवळजवळ शून्य. ऊस कांडीपासून लावतात. तुरा आलाच तर हिवाळ्याच्या तोंडाला येतो, त्यात मध नसतो आणि परागकण वारा नेतो. मैलभर शिवार हिरवं, पण त्यात चाखण्याजोगं फूल नाही. रसवंतीच्या चोथ्यावर माश्या का घोंघावतात, याचं एक उत्तर इथं आहे. पूर्वी बांधावर बोर, बाभूळ, रुई, तरवड असायचे. बांध कोरून कोरून पायवाटेएवढे उरले आणि ही झाडं गेली.

राहिलं अंगण. तिथंही बहुतेकदा शोभेचा पाम, नाहीतर मादागास्करहून आलेला गुलमोहर आणि कुंपणाला चौकोनी छाटलेला ड्युरांटा. ड्युरांटाच्या फुलांवर फुलपाखरं येतात, हे खरं. पण सारखी कात्री चालवली तर त्याला फूल येणार कधी?

अशा अंगणात एक तरवड लावून पाहावा. माळरानावर फुकट वाढणारं, म्हणून कुणी किंमत न केलेलं हे झुडूप. पूर्वी कातडी कमावायला त्याची साल वापरत, तेवढीच त्याची कदर. त्याच्या पिवळ्याधमक फुलात मध नसतो, असतो तो पराग, आणि तोही पुंकेसरांच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांआड बंद. मोठा काळा भुंगा येतो, पुंकेसरांना मिठी मारतो आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतो. गुणगुण एकदम चढ्या सुरात जाते आणि पराग भुर्रकन त्याच्या पोटावर सांडतो. मोहोळातल्या माशीला ही युक्ती जमत नाही. बहाव्याच्या फुलावरही हाच खेळ चालतो. तरवड-बहाव्याच्या पानांवर पांढरट-पिवळी फुलपाखरं अंडी घालतात, तो वेगळाच लाभ.

आणि मग अळ्या होतात. इथं बऱ्याच हौशी बागकामवाल्यांचा उत्साह मावळतो. कढीपत्त्यावर लिंबाळी फुलपाखराची अळी लहानपणी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की हिरवी होते, आणि काडीनं डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. चार फांद्या ती खाणारच. कढीपत्ता पुन्हा फुटतो. शिवाय अळ्या पाखरांच्या कामाच्या. शिंजीर पक्षी फुलातला मध पितो, पण पिलांना भरवायला त्याला किडे-कोळी लागतात. शिंपी पक्ष्यालाही पिलांसाठी किडेच लागतात. फवारा मारून अळी घालवायची आणि पाखरांची वाट पाहायची, हे दोन्ही एकदम होत नाही. गुलाबाच्या पानांच्या कडेला सफाईनं गोल तुकडे कापलेले दिसले, की लोक औषधाची बाटली शोधतात. ते काम असतं एकट्यानं राहणाऱ्या माशीचं. पानाचे तुकडे नेऊन ती पोकळ काडीत पिलांची घरं बांधते.

डाळिंबवाल्यांची गोष्ट निराळी. फळ पोखरणारी अळीही एका फुलपाखराचीच, आणि ती परवडत नाही. पण त्याच बागेला फळधारणेसाठी मधमाश्या हव्यात, म्हणून बहरात दिवसाउजेडी कीटकनाशकाचा फवारा टाळणं शहाणपणाचं.

झाडं निवडताना रंगापेक्षा महिने मोजावेत. माघ-फाल्गुनात पळस-पांगारा, चैत्राच्या सुमाराला कडुनिंब आणि करंज, पुढं बहावा. पावसाळ्यानंतर तरवड आणि कोरांटी. पळस-पांगाऱ्याला मोठं परसदार लागतं. छोट्या अंगणात तरवड, अडुळसा, कढीपत्ता आणि तुळस पुरे. पंढरपूर इतकं जवळ म्हटल्यावर तुळस असतेच. फक्त सगळ्या मंजिऱ्या खुडू नयेत. त्यांवर फुलोरी माश्यांची गर्दी होते. जास्वंद लावायची तर एकेरी. गेंदेदार दुहेरी फुलात पाकळ्यांचाच पसारा, त्यातून वाट काढायची कुणी? कोपऱ्यातली रुई उपटू नये. केशरी पंखांच्या एका फुलपाखराची अळी तिचा चीक पचवून स्वतःच कडू होते, म्हणून पाखरं तिच्या वाटेला जात नाहीत.

रोपवाटिकेत तरवड सहसा मिळत नाही. बहावा, करंज, कडुनिंब सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत मिळू शकतात. तरवडाच्या मात्र वाळलेल्या शेंगा एखाद्या माळावरून आणाव्यात, टणक बी रात्रभर पाण्यात भिजवावं आणि मृगाच्या पावसावर थेट जागेवरच टोकावं. मूळ खोल जातं, त्यामुळं पिशवीतून हलवलेलं रोप दगावण्याची भीती असते. पहिल्या वर्षी त्याला शेळ्यांपेक्षा माणसाचीच भीती जास्त: फाजील पाणी घालून मारू नये, एवढं सांभाळावं.