पुराचे पाणी आणि पाटाचे पाणी

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, स्नायूंचा एखादा आनुवंशिक विकार, असे निदान लिहिलेला कागद हाती पडला की आईबापांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. ‘हे बरे होईल का?’ हा पहिला आणि ‘कुठे न्यायचे?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वैद्यकशास्त्राने द्यावयाचे आहे. दुसरा प्रश्न मात्र बव्हंशी अर्थशास्त्राचा आहे, आणि त्याचा विचार त्या अंगाने फारसा झालेला नाही.

या दुसऱ्या प्रश्नाला अलीकडे एक तयार उत्तर मिळू लागले आहे. ते म्हणजे ‘इंटेन्सिव्ह थेरपी’. मराठीत तिला सघन उपचार म्हणता येईल. मुलाला महानगरातील एखाद्या केंद्रात दोन-तीन आठवडे ठेवावयाचे, रोज तीन-चार तास फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी व वाचाउपचार एकापाठोपाठ एक द्यावयाचे आणि वर्षभराची मजल त्या अवधीत मारावयाची, अशी ही कल्पना. तिचा खर्च लहान शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या घराला पेलणारा नसतो. तरीही खानदेशातून कुटुंबे मुंबई-पुण्याची वाट धरतात, आणि त्यासाठी प्रसंगी दागिने व जमीन गहाण पडते. या कुटुंबांना भोळे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते अन्यायाचे आहे.

सघनतेचे गुण आणि मर्यादा

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की सघन उपचार ही केवळ भूलथाप नव्हे. अर्धांगाने एक हात निकामी झालेल्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा चांगला हात मोज्यात अडकवून ठेवावयाचा आणि दुर्बल हाताकडून काही आठवडे रोज तासन्‌तास काम करून घ्यावयाचे, या पद्धतीचा उपयोग अनेक काटेकोर प्रयोगांत दिसून आला आहे. मेंदू सरावाने घडतो आणि लहान वयात अधिक घडतो, हे तत्त्व आता निर्विवाद आहे. परंतु याच प्रयोगांनी आणखी एक गोष्ट दाखविली. दोन्ही हातांनी करावयाच्या कामांचा तेवढाच सराव दिला तर जवळजवळ तेवढाच लाभ होतो. म्हणजे गुण मोज्यात नसून हेतुपूर्वक केलेल्या पुनःपुन्हा सरावात आहे.

स्वमग्नतेच्या क्षेत्रात १९८७ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लोवास यांनी एक प्रसिद्ध अभ्यास मांडला. आठवड्याला चाळीस तास, दोन वर्षांहून अधिक काळ उपचार घेतलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सामान्य शाळेत सामान्यपणे शिकू लागली, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हापासून ‘चाळीस तास’ हा जणू मंत्र झाला. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, हा त्या अभ्यासावरील मूलभूत आक्षेप मात्र मंत्र जपणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात राहिला. शिवाय ते चाळीस तास दोन वर्षांहून अधिक काळ चाललेले होते, तीन आठवडे नव्हेत.

इतिहासात इशारेही आहेत. फिलाडेल्फियाच्या एका संस्थेने गेल्या शतकाच्या मध्यास अशी पद्धत प्रचारात आणली की अनेक माणसांनी मिळून मुलाचे हातपाय दिवसातून अनेक वेळा ठरावीक रीतीने हलवावयाचे. घरेच्या घरे त्या कामाला जुंपली गेली. या पद्धतीत काही विशेष गुण नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये जाहीरपणे सांगितले. जुन्या मोहाची जागा आज स्टेम सेलच्या इंजेक्शनांनी घेतली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांपलीकडे असा उपचार नेहमीच्या उपचारांत मोडत नाही, तो केवळ संशोधनाचा विषय आहे. तरीही आशा विकली जाते.

आणि जनुकीय विकारांत तर सघनता अपायकारकही ठरू शकते. डुशेन प्रकारच्या स्नायुविकारात स्नायूंच्या तंतूंना आधार देणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिनच तयार होत नाही. अशा मुलाला जोर लावून व्यायाम करावयास लावले तर दुबळे तंतू अधिकच तुटतात. त्याला हलका व्यायाम, ताण देणे आणि आधार यांची गरज असते. एकाच मापाचा अंगरखा सर्वांना घालणारे केंद्र निदानाचा कागदही न पाहता मुलाला दाखल करून घेत असेल, तर तेथून परत फिरणेच श्रेयस्कर.

तीन आकड्यांचा हिशेब

मग सुज्ञ कुटुंबेही महानगराकडे का धावतात? याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. देवपुरात राहणाऱ्या नोकरदाराला निदान फिजिओथेरपिस्टपर्यंत रिक्षाने जाता येते. साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावर राहणाऱ्या आईला धुळे गाठावयाचे तर सत्तर-ऐंशी किलोमीटरची वाट आहे. उदाहरणादाखल धरू की तिने मुलाला आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तासाच्या उपचारासाठी आणले. वर्षाच्या १०४ खेपा झाल्या. उपचार मिळाला ७८ तास. जाण्यायेण्यात व एस.टी.ची वाट पाहण्यात खेपेला पाच तास धरले तर ५२० तास गेले. शिवाय १०४ दिवसांची मजुरी बुडाली.

आता महानगरातील कार्यक्रम पाहा. रोज चार तास, आठवड्याचे सहा दिवस, तीन आठवडे, म्हणजे ७२ तास. जवळजवळ तेवढाच उपचार, आणि १०४ खेपांऐवजी एक खेप! ज्या घराला धुळ्याची वर्षभराची वारी अशक्य आहे, त्या घराने तीन आठवड्यांचा मार्ग पत्करला तर त्यात मूर्खपणा नाही. जवळ सेवा नसल्यामुळे दूरची महाग सेवा स्वस्त वाटू लागते, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु तिसरा आकडा या हिशेबात धरला जात नाही. मुलाला भरवताना, न्हाऊ घालताना, कपडे चढवताना, खेळवताना दिवसाचा एक तास जरी जाणतेपणाने सरावाचा ठरला, तरी वर्षाचे ३६५ तास होतात. ७२, ७८ आणि ३६५! सघनता म्हणजे तासांची संख्या असेल, तर सर्वांत सघन केंद्र मुलाचे घर हेच आहे. तो तास जाणता कसा करावयाचा, हे घराला कोणी शिकवीत नाही, हे खरे दुखणे.

बाजार ते शिकविणार नाही, याचेही कारण आहे. केनेथ ॲरो यांनी १९६३ च्या आपल्या विख्यात निबंधात दाखविले की वैद्यकीय सेवा ही इतर मालासारखी वस्तू नव्हे. ग्राहकाला गुण पारखता येत नाही आणि विकणाऱ्याला तो ग्राहकापेक्षा पुष्कळ अधिक ठाऊक असतो. येथे त्यात आणखी भर पडते. मूल वाढत असतेच. तीन आठवड्यांनी दिसलेली प्रगती वयाची किती आणि उपचाराची किती, हे आईला कसे कळावे? शिवाय आईला शिकवून स्वावलंबी करणारे केंद्र आपले पुढचे गिऱ्हाईक गमावते. बाजाराचा कल तिला परत बोलावण्याकडे असतो.

कायदा आहे, पाट नाही

शासनाने काही केलेच नाही, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी आणि दोष आढळलेल्या मुलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अशी त्याची रचना. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. त्यांत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि स्नायुविकार यांचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१८ पासून आशा कार्यकर्तींनी बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत ठरावीक काळाने घरी जाऊन त्याची वाढ पाहावी, अशीही योजना आहे.

गरज किती मोठी, याचाही अंदाज उपलब्ध आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणच्या पाहणीवरून, मज्जासंस्थेच्या विकासाशी निगडित किमान एक अडचण असलेल्या मुलांचे प्रमाण दोन ते सहा वर्षांच्या गटात ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या गटात १३.६ टक्के असावे, असा निष्कर्ष निघाला. यात ऐकू न येणे, फेफरे आणि अध्ययनातील अडचणीही धरलेल्या आहेत. हे ओझे एका जिल्हा केंद्राने पेलावयाचे, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

पैशाची व्यवस्था तर उलट्या दिशेने चालते. आयुष्मान भारतसारख्या योजनांत रुग्णालयात दाखल झालेल्याचा खर्च मिळतो. आठवड्याला दोनदा येऊन घरी परतणारे मूल दाखल झालेले नसते, म्हणून त्याचा उपचार विम्याच्या कक्षेबाहेर राहतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही अंतर्भाव आहे. परंतु ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविध दिव्यांगत्व एवढ्यांपुरतीच. आयकरातील वजावटीचा लाभ कर भरणाऱ्याला. शेतमजुराला त्याचे काय?

गोव्याचा धडा

मग मार्ग कोणता? तो शोधावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत एकाच वेळी झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. स्वमग्नता असलेल्या ६५ मुलांवरील हा प्रयोग. त्यात तज्ज्ञ थेरपिस्ट घरोघर गेले नाहीत. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते गेले. सहा महिन्यांत बारा भेटी. आई मुलाशी खेळत असताना चित्रफीत घ्यावयाची, मग तीच आईला दाखवून ‘येथे मुलाने पाहिले, येथे तुम्ही थांबलात, म्हणून तो पुढे आला’ हे उमगू द्यावयाचे. आईचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जाऊ लागला आणि मूल आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. स्वमग्नता नाहीशी झाली नाही. तसा दावाही कोणी केला नाही. परंतु गोव्यातील आईला जे जमले ते शिंदखेड्याच्या आईला न जमण्याचे कारण नाही.

यात भाषेचाही प्रश्न आहे. घरात अहिराणी, पाड्यावर पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीतील शब्दपट्ट्या दाखवावयाच्या आणि ‘घरी फक्त एकच भाषा बोला’ असा सल्ला द्यावयाचा, ही रीत शास्त्राला धरून नाही. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचे नुकसान होते, असे संशोधनात आढळलेले नाही. आईच्या तोंडची भाषा तोडली तर तिच्याजवळचे सर्वांत मोठे साधनच आपण काढून घेतो. अहिराणी बोलणारी गावातील कार्यकर्ती येथे महानगराच्या तज्ज्ञापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

तथापि एक धोका सांगितलाच पाहिजे. घर हे केंद्र म्हटले की सारा भार आईवर टाकून शासनाला हात झटकता येतात. आईचा वेळ फुकट नसतो. तो केवळ राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात धरला जात नाही. दिव्यांग मुलाच्या संगोपनासाठी नोकरदार आईला मिळावयाच्या रजेचा प्रश्न हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा स्त्रियांचा नोकरीतील सहभाग ही सवलत नसून घटनेची अपेक्षा आहे, असे न्यायालयाने बजावले. पण कापूस वेचणाऱ्या बाईला रजा कोण देणार? तिच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई, आठवड्यातून काही तास मुलाला सांभाळणारी अंगणवाडी आणि बापाचाही सरावात वाटा, या तिन्ही गोष्टी नसतील तर ‘घर हेच केंद्र’ हे वाक्य क्रूर ठरेल.

काय करता येईल

तज्ज्ञ अनावश्यक आहेत, असा याचा अर्थ नव्हे. निदान, ध्येय ठरविणे, चुकलेला मार्ग सुधारणे हे काम त्यांचेच. मात्र त्यांनी जिल्ह्याच्या गावी बसून राहण्यापेक्षा ठरलेल्या वारी साक्री, शिरपूर, शिंदखेडा येथे गेले पाहिजे. उपचाराच्या खेपेला विम्याचे संरक्षण मिळाले पाहिजे आणि सोबतच्या पालकाला प्रवासभाडे व मजुरी मिळाली पाहिजे. आशा कार्यकर्तीला या कामाचे प्रशिक्षण द्यावयाचे तर वेगळा मोबदलाही दिला पाहिजे.

आणि जे पालक आज महानगराची वाट धरीत आहेत, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत. थेरपिस्टची परिषदेकडील नोंदणी आहे काय? माझ्या मुलाचे निदान पाहून कार्यक्रम आखला आहे काय? तीन आठवड्यांनी मुलाला नेमके कोणते काम येईल, चमचा धरणे की आधाराने उभे राहणे? आणि घरी गेल्यावर मी रोज काय करावयाचे, हे मला येथे शिकविणार काय? चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पहिल्या तिन्हींची उत्तरे व्यर्थ आहेत.

पांझरेच्या काठी शतकानुशतके फड पद्धतीने शेती भिजली. नदीवर लहान लहान बंधारे, त्यांतून निघालेले पाट, आणि प्रत्येक शेताला पाळीने पाणी देणारा पाटकरी. नदीला पूर दरसाल येतो, पण पुराच्या पाण्यावर कोणाचे पीक उभे राहिलेले नाही. उलट तो काठची माती घेऊन जातो. पीक पाटाच्या पाण्यावर येते. ते थोडे असते, पण पाळीने मिळते आणि शेवटच्या शेतापर्यंत पोचते. ही व्यवस्था ज्या प्रदेशाला परक्या कोणी शिकवावी लागली नाही, त्याने आपल्या दुबळ्या मुलांसाठी पुराची वाट पाहत बसावे, हे शोभणारे नाही. पिंपळनेरच्या पलीकडच्या त्या पाड्यावर पाटकरी केव्हा पोचणार, हे आता जिल्ह्याच्या नियोजनाने सांगावे.