छोट्या सफरींसाठी घडलेली एम्प्रेस

मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणारी ‘एम्प्रेस’ मुळात छोट्या सफरींसाठीच घडलेली आहे. फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत 1990 मध्ये ती बांधून झाली, तेव्हा तिचं नाव होतं ‘नॉर्डिक एम्प्रेस’. मायामीहून बहामाला तीन-चार रात्रींच्या फेऱ्या मारायच्या, एवढंच तिचं काम. सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीने तिच्या सफरी मुंबईतून सुरू केल्या.

असल्या सफरीत बंदरावर जेमतेम काही तास मिळतात. म्हणून गोवा बघायचा असेल तर रेल्वेने जावं. इथे बघायची ती बोट. सुमारे 211 मीटर लांबीच्या या जहाजात कित्येक मजले उंच चौक आहे, नाट्यगृह आहे, पोहण्याचा तलाव आहे. जेवणाची रेलचेल तर असतेच.

चढल्या-चढल्या मात्र कवायतीला बोलावतात. भोंगा वाजला की ठरलेल्या जागी जमायचं, लाइफजॅकेट कसं बांधायचं ते शिकायचं. लोक कंटाळतात, फोनमध्ये डोकं घालतात, आणि ते मला मनापासून खटकतं. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली. 32 जण दगावले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. नियमाने 24 तासांची मुभा होती. 2015 पासून ती मुभा गेली. आता निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच कवायत घ्यावी लागते. ती अर्धा तास लक्ष देऊन करावी, मुलांनाही करायला लावावी.

बोट लागण्याची धास्ती असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन मागून घ्यावी. टोकांपेक्षा तिथे हेलकावे कमी जाणवतात. शिवाय अशा जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंनी पंख असतात. लाट ज्या बाजूला कलवते तिच्या उलट ते वळतात आणि डोलणं बरंच आवरतात. सर्वांत स्वस्त केबिनला खिडकी नसते. झोपण्यापुरती ती पुरे. पण आजी-आजोबा बरोबर असतील, तर त्यांच्यासाठी खिडकीचे पैसे जरूर मोजावेत. दिवसभर डेकवर बसणं सगळ्यांना झेपत नाही.

लक्षद्वीपला प्रवाळाच्या उथळ कड्यामुळे एवढं मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते बाहेर थांबतं, आणि लहान होड्यांतून अगत्तीला नेतात. होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते. खलाशी हात पुढे करतो, तेव्हा आपले दोन्ही हात मोकळे हवेत. सामान पाठीवरच्या पिशवीत.